मेस्त्रींच्या गावात उचलेगिरी

हॅकिन्टॉश, म्हणजे मॅकओएस चालवणारा साधा पीसी, बांधून विकणाऱ्या आपल्या कोल्हापुरातल्या लोकांबद्दल आज मला स्पष्ट लिहायचं आहे. यातले बहुतेक जण मशीन बांधतच नाहीत. सुटे भाग जोडतात, मॅकओएस सुरू करून देणारा, कुणीतरी भलत्याच बोर्डासाठी तयार केलेला ईएफआय फोल्डर इंटरनेटवरून उचलतात, डिस्कवर टाकतात, स्क्रीनवर सफरचंद उमटलं की फोटो काढतात आणि रोख पैसे मोजून घेतात. ज्या मदरबोर्डावर हा सगळा डोलारा उभा असतो, तो बोर्ड त्यांनी वाचलेलाही नसतो. याला मी फसवणूक म्हणतो. तिचा भुर्दंड पडतो तो लग्नाच्या व्हिडिओवर पोट भरणाऱ्या पोरांना.

अ‍ॅपलने 2006 पासून मॅकमध्ये इंटेलचे प्रोसेसर घातले आणि साध्या पीसीवर मॅकओएस चालवायची वाट उघडली. आपल्याकडे त्याला गिऱ्हाईक मिळालं ते फायनल कट या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमुळे. ते विंडोजवर चालत नाही, आणि हळद, अक्षता, वरात असं तीन कॅमेऱ्यांचं शूटिंग चार दिवसांत कापून द्यायचं तर एडिटरला तेच हवं असतं. मॅक घ्यायची ऐपत नसलेला पोरगा मग कुणाच्या तरी सांगण्यावरून शाहूपुरीत नाहीतर राजारामपुरीत एखाद्या जिन्याखालच्या दुकानात जातो. तिथं त्याला “जगात भारी मशीन देतो भावा” असं सांगितलं जातं. बोर्ड कुठला, हे तो विचारत नाही आणि दुकानदारही सांगत नाही.

गेल्या लग्नसराईत गडहिंग्लजकडचा एक एडिटर असंच मशीन एसटीतून, पोत्यात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आला. “दादा, बोर्ड गेलाय म्हणाले. अकरा हजार सांगितले. परवा पार्टीला पेनड्राइव्ह द्यायचाय.” मी मशीन लावलं. पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धावल्या आणि ‘एक्झिटबीएस’च्या ओळीवर येऊन थांबल्या. बूटलोडर आपलं काम संपवून कर्नलच्या हाती सूत्रं देतो, ती ही जागा. गेलेला बोर्ड इथवर येतच नाही. बायोस उघडलं तर घड्याळ काही वर्षं मागं, 1 जानेवारीवर गेलेलं. कॅबिनेट उघडून बोर्डावरचा सेल काढला, मीटर लावला. तीन व्होल्ट दाखवायला हवेत तिथं 2.2.

सेल मेला होता. गावाकडं लाइट गेली, मशीनला वीज नाही, सेलमध्ये जीव नाही, म्हणून बायोसच्या सगळ्या सेटिंग्ज कारखान्यातून आल्या तशा झाल्या. बंद ठेवलेलं सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट करायची सोय, चालू झालं आणि सीएफजी लॉक हे प्रोसेसरच्या सेटिंगवरचं उघडं ठेवलेलं कुलूप परत लागलं. मॅकओएसला यातलं काहीच खपत नाही. पन्नास रुपयांच्या आतला सेल बदलला, सेटिंग्ज एकेक करून बसवल्या, मशीन उठलं. ज्याने ते विकलं त्याला या सेटिंग्ज कुठल्या होत्या हेसुद्धा आठवत नव्हतं, आणि म्हणून तो पोराला नवा बोर्ड विकायला निघाला होता.

माझा संताप झाला तो पुढच्या गोष्टीने. मशीनचा मॅक म्हणून घातलेला अनुक्रमांक मी वहीत लिहून घ्यायला गेलो, तर तोच आकडा दोन पानं आधी लिहिलेला होता. दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या एडिटरच्या मशीनचा. एकच फोल्डर दोघांच्या डिस्कवर, आतल्या अनुक्रमांकासकट. आणखी किती जणांच्या मशीनमध्ये तो आकडा बसला असेल, देव जाणे. हा क्रमांक प्रत्येक मशीनसाठी वेगळा तयार करावा लागतो. त्याला पाच मिनिटं लागतात. तेवढेही कष्ट न घेता माणूस पैसे घेतो, आणि उद्या त्या पोराचं अ‍ॅपल खातं अडकलं की फोन उचलत नाही.

बोर्ड वाचायचा म्हणजे काय, तेही सांगतो. चिपसेटचं नाव वाचून भागत नाही. इंटेलचा बी 360 घ्या आणि बी 365 घ्या. आकडा वाढला म्हणजे माल नवा, असं गिऱ्हाइकाला वाटतं. प्रत्यक्षात बी 365 जुन्या 22 नॅनोमीटर पद्धतीने बनलेला आहे आणि बी 360 मध्ये असलेली वेगवान यूएसबीची सोय त्यात नाही. एकाचा फोल्डर दुसऱ्यावर टाकणारा हे जाणत नसतो. 300 मालिकेतल्या बऱ्याच बोर्डांवर घड्याळाची नवी पद्धत आहे, ती मॅकओएसला कळत नाही, म्हणून जुनं घड्याळ जागं करणारी छोटी फाइल द्यावी लागते. नेटवर्कची चिप इंटेलची की रिअलटेकची, त्यावर ड्रायव्हर बदलतो. आवाजाच्या चिपचा नंबर चुकला तर हेडफोन मुका राहतो. एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन आवृत्त्या निघतात आणि फरक फक्त कोपऱ्यात बारीक छापलेल्या रिव्हिजनच्या आकड्यात दिसतो. तो आकडा डोळ्यांनी वाचायचा असतो.

आणि यूएसबी. मॅकओएस एका कंट्रोलरवर 15 पोर्टच मानतो. यूएसबी 3 चं एक भोक दोन पोर्ट म्हणून मोजलं जातं, कारण जुन्या आणि नव्या वेगाच्या तारा त्यात वेगळ्या असतात. म्हणून प्रत्येक भोकात आधी जुना, मग नवा पेनड्राइव्ह घालून कुठला पोर्ट जागा होतो ते कागदावर टिपायचं, पंधरा निवडायचे, बाकीचे वगळायचे. अर्ध्या तासाचं कंटाळवाणं काम आहे. दुसऱ्याच्या बोर्डाचा नकाशा आपल्या बोर्डाला लागत नाही. त्या गडहिंग्लजच्या पोराची बाहेरची डिस्क एडिटिंग चालू असताना मधेच सुटायची. वर्षभर तो केबल बदलत राहिला. केबलमध्ये काहीच दोष नव्हता.

ग्राफिक्स कार्डाचं तर विचारू नका. 2018 च्या मोजावे आवृत्तीपासून एनव्हिडियाच्या नव्या कार्डांना मॅकओएसमध्ये ड्रायव्हरच नाही, तरी ती कार्डं “नंतर अपडेट येईल” म्हणून गळ्यात मारली गेली. इंटेलच्या 11 व्या पिढीपासून पुढच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचीही तीच गत, तरी “लेटेस्ट बोर्ड” म्हणून तेच विकलं जातं.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं: “गरीब पोरांना स्वस्तात मॅक मिळतोय, तुमच्या पोटात का दुखतंय?” दुखतंय, कारण ते स्वस्तही नाही आणि मॅकही नाही. अ‍ॅपलचा करार त्यांची प्रणाली फक्त अ‍ॅपलच्याच यंत्रावर चालवायची परवानगी देतो. अमेरिकेत सायस्टार नावाच्या कंपनीने 2008 मध्ये अशी मशीन उघडपणे विकायला काढली, अ‍ॅपलने तिला कोर्टात खेचलं आणि 2009 मध्ये ती हरली. मी माझ्या टेबलावर असं मशीन बांधलं आहे, करार मोडूनच बांधलं आहे, ते लपवत नाही. पण ते विकलं नाही. जो विकतो त्याने निदान हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगावं. बिलावर “मॅक पीसी” लिहून गप्प बसू नये.

आणि आता तर हा खेळच संपला आहे. जून 2025 मध्ये अ‍ॅपलने जाहीर केलं की टाहो ही इंटेल मॅकसाठीची मॅकओएसची शेवटची आवृत्ती. 2024 च्या अखेरीस आलेल्या मॅक मिनीची भारतातली किंमत 59,900 रुपयांपासून सुरू झाली, तीही 16 जीबी मेमरीसकट. पन्नास-साठ हजार घेऊन आज जो तुम्हाला नवा हॅकिन्टॉश बांधून देतो, तो मरायला टेकलेली म्हैस दुभती म्हणून विकतोय. घेऊ नका. हप्त्याने मॅक मिनी घ्या, नाहीतर विंडोजवर दाविंची रिझॉल्व्ह शिका. त्याची मोफत आवृत्तीही लग्नाच्या कामाला भरपूर आहे.

मला या धंद्याची लाज वाटते ती कोल्हापूरकर म्हणून. खरी कॉर्नरला कॅमेरा स्तंभ उभा आहे. तो ज्यांची आठवण सांगतो, ते कलामहर्षी बाबूराव पेंटर मूळचे मेस्त्री. विलायती कॅमेरा विकत घेण्याजोगे पैसे नव्हते, म्हणून बाबूराव आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव यांनी कॅमेरा स्वतः बनवायचं ठरवलं. आनंदराव 1916 मध्ये गेले, बाबूरावांनी काम सोडलं नाही, दामल्यांसारखे सहकारी घेऊन ते पुरं केलं. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्यांनीही परदेशी यंत्र बघूनच यंत्र केलं. पण बघितलं म्हणजे प्रत्येक दात, प्रत्येक चाक का फिरतं ते समजून घेतलं. उद्यमनगरातल्या कारखान्यांत आजही लेथवरचा माणूस जॉब चढवण्याआधी व्हर्निअर लावतो. अंदाजाने कापलेला शाफ्ट बेअरिंगमध्ये बसत नाही, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. त्याच गावात न बघता, न मोजता फोल्डर चिकटवणारा स्वतःला इंजिनिअर म्हणवतो.

ज्यांनी अशी मशीन आधीच विकली आहेत, त्यांच्याकडे माझी मागणी साधी आहे. गिऱ्हाइकांना परत बोलवा. प्रत्येकाचा अनुक्रमांक वेगळा करून द्या. यूएसबीचा नकाशा त्याच्याच बोर्डावर काढा. बोर्डाचं पूर्ण नाव, रिव्हिजन आणि बायोसच्या सगळ्या सेटिंग्ज एका कागदावर लिहून तो कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा, आणि या कामाचे पैसे घेऊ नका. तुम्ही ते आधीच घेतले आहेत.

गडहिंग्लजच्या त्या मशीनमध्ये मी तो कागद चिकटवून दिला. खाली सेल बदलल्याची तारीखही लिहिली. पुढच्या वेळी त्याचं घड्याळ मागं गेलं, तर त्याला कोल्हापूरपर्यंत यावं लागणार नाही.