अस्तेय : ज्याचं गेलं त्याला विचारा

योगाच्या वर्गात यम शिकवायची वेळ आली की अहिंसेवर भरपूर बोलणं होतं, सत्यावरही बरंच होतं, आणि अस्तेय मात्र दोन मिनिटांत आटोपतं. ‘चोरी करू नये. आता आपल्यापैकी कोणी चोऱ्या करत नाही, म्हणून याचा सूक्ष्म अर्थ पाहू,’ असं म्हणून शिक्षक पुढे सरकतात. सूक्ष्म अर्थ असा : उशिरा येऊन दुसऱ्याचा वेळ चोरू नका, मध्येच तोंड घालून दुसऱ्याचं लक्ष चोरू नका, सतत काळजी करून स्वतःचाच आनंद चोरू नका. ऐकणारे माना डोलावतात आणि चटया गुंडाळून घरी जातात. या व्रतापायी कोणाच्या खिशातून एक रुपया बाहेर पडत नाही, की कोणाच्या सातबाऱ्यावरची एक ओळ बदलत नाही.

अस्तेयाची ही मांडणी मला मान्य नाही. ती अपुरी आहे एवढंच म्हणून थांबता येत नाही, कारण पाच यमांपैकी जो यम आपल्या व्यवहाराला थेट हात घालतो, त्याचीच नांगी तिने मोडून टाकली आहे.

आधी ‘आम्ही चोर नाही’ या निर्धास्तपणाचं पाहू. चोर म्हणजे कोणीतरी दुसरा, अंधारात येणारा, ठरावीक वस्तीत राहणारा, ही समजूत आपल्याकडे कायद्यानेच पक्की केली होती. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे त्याची व्याप्ती वाढवत नेली, आणि जमातीच्या जमाती जन्मतःच चोर ठरवल्या. हजेरी, परवाना, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या वस्त्या, सगळं त्यातून आलं. हा कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी नजर बदलली नाही. ती नजर कशी असते, हे लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ने १९८७ साली मराठी वाचकाला दाखवलं. भुकेपोटी खिसा कापणारा माणूस पोलिसांच्या दप्तरात नोंदला गेला. त्याच काळात खोट्या कागदावर जमीन लिहून घेणारा माणूस गावच्या जत्रेत मानाचा फेटा बांधून घेत होता. चोरीची व्याख्या आपण दप्तरावर सोडली आणि दप्तरात आपलं नाव नाही म्हणून व्रत पाळलं गेलं असं मानलं.

आता त्या सूक्ष्म अर्थाकडे. त्याच्या बाजूने बोलणारा अभ्यासू माणूस म्हणेल, ‘हे काही आजच्या योगशिक्षकांनी शोधलेलं नाही. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यातच अस्तेयाचं स्वरूप अस्पृहा, म्हणजे हाव नसणं, असं सांगितलं आहे. व्रत शेवटी मनाचंच आहे.’ हा आक्षेप खरा आहे, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. भाष्यकार हाव नसण्यापर्यंत जातात, पण कुठून जातात ते पाहावं. आधी ते चोरी म्हणजे काय ते सांगतात : दुसऱ्याकडून द्रव्य गैरमार्गाने घेणं. मग त्याचा निषेध, आणि मग मनातली हावसुद्धा नको. पायरी चढत गेली आहे. हात आवरला, आता मनही आवर, असा तो क्रम आहे. हात तसाच चालू ठेवून मन तेवढं प्रसन्न करण्याची सोय भाष्यात कुठेही नाही. आजच्या मांडणीने वरची पायरी ठेवली आणि खालची काढून टाकली.

दुसरं म्हणजे, हे यम आहेत. माणसाने एकट्याने पाळायची शौच, संतोष वगैरे व्रतं नियमांत आली. यमांना समोर दुसरा माणूस लागतो. निर्जन गुहेत बसलेल्याला चोरी करायची म्हटली तरी करता येणार नाही. ‘स्वतःचा आनंद चोरणं’ ही कल्पना त्यामुळे मुळातच चुकीच्या घरात शिरली आहे. जिथे चोरणारा आणि ज्याचं गेलं तो एकच, तिथे तक्रार करायला कोणी उरत नाही, आणि म्हणूनच ती इतकी लोकप्रिय झाली असावी.

जैन परंपरा याबाबतीत फार रोखठोक आहे. तत्त्वार्थसूत्रात चोरीची व्याख्या केली आहे ती न दिलेलं घेणं एवढीच. घेणाऱ्याचा हेतू, त्याची गरज, त्याचा स्वभाव, यांतलं काही त्यात नाही. प्रश्न एकच : देणाऱ्याने दिलं होतं का? आणि गृहस्थाच्या अचौर्यव्रताला बाधा आणणारे जे पाच दोष तिथे सांगितले आहेत, ते वाचताना आपण तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात आहोत की बाजार समितीत, असा प्रश्न पडतो. दुसऱ्याकरवी चोरी करवणं, चोरीचा माल घेणं, राज्याचे नियम डावलून व्यापार करणं, घेताना एक माप आणि देताना दुसरं वापरणं, भेसळ करणं. यात पाकीटमाराचं नाव नाही. पाचही दोष दुकान, गोदाम आणि पेढी असलेल्या माणसाचे आहेत.

त्यातल्या मापाच्या दोषाला आपल्याकडे आजचा शब्द आहे : काटामारी. उसाची गाडी कारखान्याच्या काट्यावर जाते, चिठ्ठी हातात पडते, आणि शेतकऱ्याला मनातून ठाऊक असतं की फडात भरलेलं वजन आणि चिठ्ठीवरचं वजन जुळत नाही. प्रत्येक काटा खोटा असतो असं मी म्हणत नाही. पण बाहेरच्या काट्यावर आधी वजन करून आणलं तर गाडी उतरवून घेणार नाहीत, ही भीती ज्या भागात आहे, तिथे अस्तेयाची चर्चा काट्यापासूनच सुरू व्हायला हवी. वेळ चोरण्याचंही तसंच. ऊस नियंत्रण आदेश १९६६ सालचा आहे. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर सालीना १५ टक्के व्याज द्यायचं, असं तो सांगतो. महिनोन्‌महिने थकलेलं बिल अखेर मिळालं तरी त्यावरच्या व्याजाचं नाव निघत नाही, हा अनुभव असलेले शेतकरी शोधावे लागत नाहीत. दुसऱ्याचा वेळ चोरणं म्हणजे काय ते इथे कळतं. वर्गाला दहा मिनिटं उशीर होणं ही गैरशिस्त आहे, तिला चोरी म्हणून मोठेपणा देऊ नये.

त्याच फडात ऊस तोडणारं जोडपं असतं. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. पहाटे अंधारात फडात शिरायचं. तोही तोडतो, तीही तोडते. शिवाय वाढं बाजूला करणं, मोळ्या बांधणं, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढणं हे तिचं, आणि खोपीवर परतल्यावर चूल तिचीच. उचल मात्र मुकादम त्याच्या हातात मोजतो, हिशेब त्याच्या नावावर निघतो. ती आजारी पडली, पाळी आली, बाळंतपण आलं आणि फडात गेली नाही तर खाडा पडतो, आणि तो कोयत्याच्या, म्हणजे दोघांच्या, हिशेबातून कापला जातो. कामाच्या वेळी अर्धा कोयता ती, न येण्याच्या दंडालाही कारण ती, आणि मजुरीच्या कागदावर तिचं नाव नाही. हे तिने दिलेलं आहे का? तिला कोणी कधी विचारलंच नाही. मराठवाड्यातल्या हजारो बायांच्या श्रमाची साखर आपल्या घराघरांतल्या डब्यांत आहे, हे माहीत असताना ‘आपण कोणी चोऱ्या करत नाही’ हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

इथे माझा गांधीजींशीही थोडा मतभेद आहे. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत, जी पुढे ‘मंगलप्रभात’ म्हणून पुस्तकरूपाने आली, त्यांनी अस्तेय फार लांबवर नेलं. गरज नसताना घेतलेली वस्तू, मग ती परवानगीने घेतलेली का असेना, तीही चोरीच, असं त्यांचं म्हणणं. भागवताच्या सातव्या स्कंधातही पोटापुरत्यावरच माणसाचा हक्क, त्याहून अधिकावर हक्क सांगणारा चोर, असा कठोर विचार आहे. त्यातली नैतिक तळमळ मोठीच आहे. पण गरज ठरवतो कोण? घेणाराच. सुखवस्तू माणूस आपल्या गरजांचा हिशेब करायला बसला की त्याला दोन सदरे कमी करून व्रत पाळल्याचं समाधान मिळतं आणि मोलकरणीचा पगार चार वर्षं वाढवलेला नाही, हे त्या हिशेबात येतच नाही. गरजेचं माप अपरिग्रहाला, म्हणजे साठवून न ठेवण्याच्या यमाला, शोभतं. अस्तेयाचं माप समोरच्याच्या हातात असावं, असं मला वाटतं.

महाभारताच्या शांतिपर्वात शंख आणि लिखित या दोन भावांची गोष्ट आहे. दोघेही तपस्वी, आश्रम वेगळे. लिखित एकदा शंखाच्या आश्रमात गेला, भाऊ घरी नव्हता, झाडाला पिकलेली फळं होती. त्याने तोडली आणि निवांत खात बसला. शंख आला, विचारलं, फळं कुठून आणलीस? इथलीच, असं लिखित हसत म्हणाला. शंखाने त्याला सांगितलं की न दिलेलं घेतलंस म्हणजे चोरी केलीस, राजाकडे जा आणि शिक्षा माग. लिखित गेला. सुद्युम्न राजा त्याला सामोरा आला. शिक्षा करण्याचा अधिकार राजाला आहे तसा सोडून देण्याचाही आहे, असं म्हणाला. लिखित ऐकेना. अखेर राजाने त्याचे हात तोडवले. पुढे भावाच्या सांगण्यावरून बाहुदा नदीत तर्पण करायला उतरल्यावर ते हात पुन्हा उगवले.

फळांसाठी हात तोडण्याचं समर्थन मी करणार नाही, तो दंड क्रूरच आहे. पण शंखाचं वागणं मला विसरता येत नाही. ‘घरचंच तर आहे’ असं तो म्हणाला नाही. आपल्याकडच्या बहुतेक चोऱ्या याच तीन शब्दांच्या आड होतात, आणि सगळ्यात मोठी चोरी बहिणींच्या वाट्याची होते.

दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्राच्या दिवशी उभं राहून पाहावं. बहीण चांगलं लुगडं नेसून आलेली असते, गाडीभाडं भावाने दिलेलं असतं. कागदावर छापलेलं असतं की ती राजीखुशीने, कोणाच्या दबावाखाली न येता, विनामोबदला हक्क सोडत आहे. तिने तो वाचलेला नसतो. कारकून अंगठा यंत्रावर ठेवायला सांगतो, समोर बघा म्हणतो, फोटो निघतो. मग शेजारच्या हॉटेलात चहा-मिसळ होते. जमिनीचा भाव काय चालला आहे, आपल्या वाट्याला किती गुंठे येत होते, हे तिला कोणी सांगितलेलं नसतं, आणि तिने विचारलं असतं तर दिवाळीला बोलावणं आलं नसतं. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मानेच आहे, २००५ साली कायदा बदलला तेव्हा वडील हयात असण्याची अट नाही, हेही स्पष्ट केलं. कायद्याने दरवाजा उघडला आणि घराने माहेर तुटण्याच्या धाकाने तो लावून घेतला.

‘पण तिने आपणहून सही केली,’ असं भाऊ म्हणतो, आणि त्याला ते मनापासून खरं वाटतं. काही बहिणी खरोखर प्रेमाने सोडतात, त्यांच्या दानाला मी नाव ठेवत नाही. मात्र दान म्हणायचं तर देणाऱ्याला आपण काय देतो ते माहीत हवं आणि नाही म्हणण्याची मोकळीक हवी. या दोन्हींशिवाय मिळालेला अंगठा म्हणजे न दिलेलं घेणं.

कोणी म्हणेल, योगशास्त्रात ऊस आणि वारसनोंद आणणं हे राजकारण झालं, आणि धंद्यात-व्यवहारात एवढं चालायचंच. या पळवाटेचा विचार पतंजलींनी योगसूत्रांत आधीच करून ठेवला आहे. यम हे महाव्रत केव्हा होतात? जात, स्थळ, काळ आणि प्रसंग यांची कोणतीही सवलत त्यांना नसते तेव्हा. भाष्यात अहिंसेचं उदाहरण घेऊन ही सवलत समजावली आहे : कोळी म्हणतो मी फक्त मासेच मारतो, कोणी म्हणतो तीर्थाच्या ठिकाणी मारणार नाही, कोणी म्हणतो चतुर्दशीला मारणार नाही. ‘धंद्यात चालतं’, ‘घरात चालतं’, ‘सगळेच करतात’ या त्याच जातीच्या सवलती आहेत.

राहिला अस्तेयाच्या फळाचा प्रश्न. अस्तेय स्थिर झालं की सर्व रत्नं समोर येऊन उभी राहतात, असं सूत्र सांगतं, आणि हल्ली त्याचा अर्थ ‘चोरी करू नका, समृद्धी आपोआप खेचली जाईल’ असा लावून शिबिरं भरतात. रत्नांच्या आशेने पाळलेली निर्लोभता ही निर्लोभता उरतच नाही. मला या सूत्रात विश्वासाची गोष्ट दिसते. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत तिथल्या दलितांनी विनोबांकडे ८० एकर जमीन मागितली, आणि सभेतून रामचंद्र रेड्डींनी १०० एकर देऊ केली. गागोद्यात जन्मलेल्या, स्वतःच्या नावावर काही न ठेवणाऱ्या माणसासमोर पुढे लाखो एकर येऊन पडले, कारण तो स्वतःसाठी घेणार नाही याची देणाऱ्याला खात्री होती. त्यातली बरीच जमीन नापीक निघाली, बरीच कागदावरच राहिली. पण ते घेणाऱ्याचं स्तेय नव्हतं. तिथे देणाऱ्यांनी दिल्यासारखं करून मागे ठेवून घेतलं होतं.

तेव्हा यम शिकवणाऱ्यांकडे माझं मागणं आहे. अस्तेयाच्या तासाला वर्गातल्या प्रत्येकाला तीन गोष्टी लिहून आणायला सांगा : बहिणीच्या वाट्याची जमीन आज कोणाच्या नावावर आहे, घरी काम करणाऱ्या बाईचा पगार शेवटचा केव्हा वाढला, आणि आपल्याकडे कोणाचं बिल किती दिवस अडकलं आहे. वर्गात साखर कारखान्याचे संचालक असतील, आणि ते असतातच, तर त्यांना चौथी गोष्ट सांगा : कोणत्याही काट्यावरचं वजन मान्य करा आणि तोडणीच्या यादीत बाईचं नाव वेगळ्या ओळीवर, वेगळ्या मजुरीसह घाला.