जुनी सायकल देताना

महाराष्ट्र शासनाच्या मानव विकास कार्यक्रमात शाळेपासून 5 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळतं. 2022 मध्ये ते साडेतीन हजारांवरून पाच हजार झालं. गडचिरोली पोलीसही ‘दादालोरा खिडकी’ या त्यांच्या उपक्रमातून सायकली वाटतात. तरी याच जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात सहावी-सातवीची पोरं आणि मोठे मुलगे या अनुदानाबाहेरच राहतात. नागपूर-पुण्याच्या जिन्याखाली धूळ खात पडलेली सायकल त्यांच्या कामाची आहे. फक्त दान म्हणजे अडगळ काढणं नव्हे. आधी सायकल दुकानात न्या, चाकांचा आउट काढा, टायर-ट्यूब आणि ब्रेकचे रबर नवे टाका, छर्रे तपासून ग्रीस भरून घ्या. गिअरवाली फॅन्सी सायकल नको. तिचा एखादा पार्ट गेला की खेड्यात मिळणं मुश्कील, मग ती पडवीतच गंजणार. साधी, मडगार्ड-कॅरिअरवाली द्या. सकाळी दप्तर वाहील, उन्हाळ्यात मोहफुलांची टोपलीही. सोबत हवेचा पंप, दोन पाने आणि पंक्चरचं सामान ठेवा. आणि कोणाला द्यायची, ते फोटोच्या हौसेपायी आपण ठरवू नये. याच तालुक्यातलं मेंढा (लेखा) गाव सारे निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने घेतं. गरज कोणाच्या घरी आहे, हे गावालाच नेमकं ठाऊक असतं. तेव्हा सायकल ग्रामसभेकडे किंवा मुख्याध्यापकांकडे सोपवा, आणि जूनअखेर विदर्भातल्या शाळा उघडण्याआधी सोपवा.