कारणे न दिलेला निर्णय

न्यायमूर्ती दिनशा दावर यांचे नाव महाराष्ट्रात आदराने घेतले जात नाही. २२ जुलै १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा फर्मावणारे न्यायाधीश ते हेच. तथापि त्या शिक्षेहूनही त्यांची आणखी एक कृती आम्हांस अधिक चिंतनीय वाटते.

१८९७ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला, तेव्हा त्यांच्या जामिनासाठी न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यापुढे उभे राहिलेले बॅरिस्टर दावरच होते. पूर्वी नाकारला गेलेला जामीन त्या वेळी मिळाला. अकरा वर्षांनी दावर न्यायासनावर होते, आणि तसाच अर्ज बॅरिस्टर जीना यांनी त्यांच्यापुढे केला. तो फेटाळण्यात आला. कारणे देण्याचे मात्र न्यायमूर्तींनी टाळले.

दावर उलटले, असा आरोप त्यांच्यावर नेहमी होतो. तो आम्हांस पोरकट वाटतो. वकील अशिलाची बाजू मांडतो. पुढे न्यायाधीश झाल्यावर तो त्या युक्तिवादाने बांधला जात नाही. प्रश्न आहे तो कारणांचा. दावर हे लेखणी आखडती घेणारे गृहस्थ नव्हते. पारशी समाजातील मुक्तादविधींसाठी ठेवलेले दान कायदेशीर ठरविताना त्यांनी धर्माचाराचा साक्षेपाने विचार केला. त्याच १९०८ साली, परकीय कुळात जन्मून पारशी धर्म स्वीकारलेल्या स्त्रीला पंचायतीच्या निधीचा लाभ घेता येईल काय, या वादात न्यायमूर्ती बीमन यांच्यासह बसून त्यांनी विस्तृत निकाल दिला. दानधर्माच्या वादात इतकी कारणमीमांसा करणाऱ्या न्यायाधीशाला एका माणसाच्या स्वातंत्र्याविषयी चार ओळी लिहिणे अवघड का वाटावे? ज्याला कारण कळत नाही त्याला त्याचे खंडनही करता येत नाही. अपिलाचा मार्ग तेथेच अरुंद होतो.

ही जुनी कहाणी उकरून काढण्याचे प्रयोजन आहे. २०२२ अखेरच्या सरकारी आकडेवारीनुसार भारतातील तुरुंगांत असलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक कच्चे कैदी होते. त्यांना जामीन द्यावा की देऊ नये याविषयी मतभेद असू शकतात. नकार सकारण असावा, याविषयी असू नये.

दावर १९१६ मध्ये निवर्तले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, टिळकांकडून सद्वर्तनाची जामीनकी मागणारा हुकूम मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी रद्द केला. टिळकांची भाषणे समग्र वाचून, कारणे नोंदवून. टिळकांचे वकील पुन्हा जीनाच होते.