धाव चढवायला या

कोकणात जुनी लाकडी होडी दुरुस्त करतात. आपल्या मंठाळला समुद्र नाही, पण घरामागे पडलेल्या बैलगाड्या आहेत. दोन्हींचं दुखणं एकच. फार दिवस कोरडी राहिलेली होडी फळ्यांच्या सांध्यांतून गळते. कोरडं चाक आक्रसतं आणि त्याची लोखंडी धाव सैल होते.

यंदा आजोबांची गाडी मी अंगणात सोडवली. आधी फोटो काढले, प्रत्येक भागावर खडूने नंबर घातले. दाभण टोचून कुजलेलं लाकूड शोधलं. तुंबा आणि आरे शाबूत निघाले. घेराचे दोनच तुकडे वाळलेल्या बाभळीचे नवे केले.

खरं काम धावेचं. ती मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान ठेवतात. साडेचार मीटर घेराची धाव 500 अंशांनी तापली की सुमारे 27 मिलिमीटर वाढते आणि चाकावर बसते. लगेच पाणी ओतलं की आवळते, सगळे आरे तुंब्यात घट्ट रुततात. खिळा नाही, गोंद नाही.

हे गणित मी बी.ई.ला शिकलो. गोवऱ्यांच्या आगीत धाव पुरेशी तापली की नाही, हे आमचे लोहारकाका नुसतं बघून सांगतात. त्यांचा मुलगा टेम्पो चालवतो. आमच्या ओळखीत हे काम करणारे आता तेच एक उरलेत.

दुसऱ्या चाकाची धाव दिवाळीत चढवायची आहे. चिमटे धरायला चार माणसं लागतात. सुट्टीला गावी आलात तर नक्की या, आणि काकांना विचारायचं ते तेव्हाच विचारून घ्या.