पॅरिसचे गलबत कोणाच्या हाती?

राजधानीच्या शहराने आपल्या ढालीवर काय कोरावे? सिंह, गरुड आणि मुकुट ही राजेलोकांची आवडती चिन्हे होत. फ्रान्सच्या राजधानीने मात्र तांबड्या भूमीवर एक रुपेरी गलबत कोरले आहे, आणि तेही मूळचे मालवाहू! सेन नदीवरून धान्य, मीठ व दारू आणणाऱ्या जलव्यापाऱ्यांच्या मंडळीचा तो शिक्का होता. तेराव्या शतकाच्या आरंभी तो त्यांच्या कागदांवर उठत असे. पुढे तोच शहराचा शिक्का झाला. या मंडळीचा मुख्य तोच शहराचा मुख्य मानला जाऊ लागला. आपल्याकडील नगरशेटाची येथे कोणासही आठवण होईल, परंतु याचा अधिकार नगरशेटाहून पुष्कळच मोठा होता.

ही मंडळी लोकोपकारी होती असे मात्र कोणी समजू नये. परगावचा व्यापारी पॅरिसच्या हद्दीत नावेने माल घेऊन आला, तर त्यास त्यांच्यापैकी एकास भागीदार करून घेणे भाग पडे. आज ज्या चिन्हाचा सारे शहर अभिमान बाळगते, ते प्रथम मक्तेदारीचे चिन्ह होते, ही गोष्ट आमच्या व्यापारी वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

शहराच्या निशाणाचे निळा व तांबडा हे दोन रंगही एका व्यापाऱ्याच्या नावाशी जोडलेले आहेत. एत्येन मार्सेल हा कापडाचा व्यापारी. १३५८ साली तो राजसत्तेच्या मनमानीविरुद्ध उभा राहिला, तेव्हा त्याच्या पक्षाच्या लोकांनी या दोन रंगांच्या टोप्या घातल्या. त्याच वर्षी शहरातीलच लोकांनी त्याचा वध केला. रंग मात्र उरले. १७८९ च्या क्रांतीत ते पुन्हा लोकांच्या टोप्यांवर आले. मध्ये पांढरा रंग बसून फ्रान्सचे राष्ट्रीय निशाण सिद्ध झाले. तोवर ते नगरशेटाचे पद राजाच्या मर्जीने भरले जाऊ लागले होते. १४ जुलै १७८९ रोजी बास्तीयचा किल्ला पडला, त्याच दिवशी शेवटच्या नगरशेटास, फ्लेसेल यास, लोकांनी ठार केले. व्यापाऱ्यांच्या मुखत्यारास व्यापाऱ्यांच्याच शहरात कोणी आपला मानीना!

ढालीच्या वरच्या निळ्या पट्टीची कथा तर गमतीची आहे. तेथे राजांनी आपली सोनेरी लिलीपुष्पे बसविली. १७९० मध्ये क्रांतीने अशी ढालचिन्हेच रद्द केली. १८११ मध्ये नेपोलियनने ढाल परत दिली ती आपल्या मधमाश्या वर बसवून. तो जाताच लिलीपुष्पे परत आली. खालचे गलबत कोणासही हलविता आले नाही.

आता ब्रीदाकडे वळू. ‘हेलकावे खाते, पण बुडत नाही’ असा त्या लॅटिन शब्दांचा अर्थ. ते शब्द जुनेच. परंतु १८५३ मध्ये ते शहराचे अधिकृत ब्रीद ठरविले ओस्मान या अधिकाऱ्याने, आणि त्यास नेमले होते बादशहाने. त्या काळी नगरसभेचे सभासदही सरकारनियुक्तच असत. गलबत शहराचे, ब्रीद शहराचे, पण सुकाणू सरकारच्या हाती! १८७१ च्या बंडानंतर नगरसभा निवडून येऊ लागली, तरी महापौर नाहीच. १८८४ च्या कायद्याने फ्रान्सातील खेड्यांसही निवडलेला नगराध्यक्ष मिळाला. राजधानीस तेवढा नाही. १९४४ मध्ये नागरिकांनी जर्मन फौजेविरुद्ध उठाव केला, त्याबद्दल १९४५ मध्ये शहरास मुक्तिपदक मिळाले. पदक ढालीखाली लटकले. महापौर निवडला गेला तो १९७७ च्या मार्चात! नोव्हेंबर २०१५ मधील हत्याकांडानंतर तेच ब्रीद लोकांनी आपण होऊन भिंतींवर रंगविले. त्यासाठी कोणा अधिकाऱ्याचा हुकूम लागला नाही.

हजारो कोसांवरची ही कथा नव्हे, असे आम्हांस वाटते. धर्म तेथे जय असे सांगणारे संस्कृत ब्रीद मुंबई महानगरपालिकेच्या मुद्रेवर आहे. परंतु मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ या राजधानीचा कारभार एकट्या प्रशासकाच्या हाती राहिला. कराची बिले मात्र त्याच मुद्रेखाली येत होती. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे राज्यघटनेच्या २४३ यू या अनुच्छेदात स्पष्ट लिहिले आहे. कारणे पुष्कळ सांगण्यात आली, काही न्यायालयापुढेही गेली. त्या सर्वांचा निवाडा येथे करण्याचे आम्हांस प्रयोजन नाही. आमचे विचारणे आमच्या व्यापारी बंधूंस आहे. जकातीचा दर पैशाने वाढला तर ज्यांनी एके काळी दुकाने बंद ठेविली, त्यांनी या तीन वर्षांत एक दिवस तरी सभा भरवून मतदानाची तारीख मागितली काय? पुढील मुदत संपण्यास वर्ष उरेल तेव्हा प्रभागांची आखणी व मतदारयाद्या कोठवर आल्या, हे आपापल्या मंडळांच्या लेटरपेपरावर लेखी विचारण्यास त्यांनी आतापासून सिद्ध असावे.