वेताच्या खुर्चीचा भाव

सिडकोने बेलापूरला उभारलेल्या अर्बन हाटमध्ये कारागीर स्वतः माल विकायला बसतात. तिथे किंवा रस्त्याकडेच्या वेतकाम करणाऱ्याकडे घासाघीस करण्याआधी, त्याचा हात चालताना बघा. जाड वेताला ब्लो लॅम्पची धग देत तो हळूहळू वाकवायचा. धग जास्त झाली तर वेत काळवंडतो, कमी पडली तर चिरतो. खुर्चीचा सांगाडा खिळ्यांनी जोडला की भिजवलेली पातळ पट्टी प्रत्येक सांध्यावर ओढून गुंडाळायची. ती ओली असतानाच ताण द्यावा लागतो. बोटांना चिरा पडतात त्या इथेच.

महाराष्ट्रात बुरूड समाजाने सुपं-टोपल्यांतून बांबूचं विणकाम पिढ्यान्‌पिढ्या जपलं. वेत मात्र बराचसा आसाम आणि ईशान्येकडून येतो. इंडोनेशियाने २०१२ पासून कच्च्या वेताची निर्यात थांबवली, ती तिथल्या कारागिरांच्या हाताला काम राहावं म्हणून. आपल्याकडे मात्र वेताची खुर्ची प्लॅस्टिकच्या विणीच्या खुर्चीशी किमतीत झुंजते. हा सामना मला अन्यायाचा वाटतो.

वेताची वीण सुटली तर पुन्हा विणून मिळते. घरातली जुनी खुर्ची भंगारात देऊ नका. कारागिराकडे न्या आणि मजुरी पुरती द्या.