देवा, मार आणि मिस्टर

लिनक्सवर मराठी हवी असेल, तर आधी मराठीची नावं पाठ करा. एकट्या डेबियनमध्येच चार आहेत. मराठी वातावरणासाठी 'टास्क-मराठी'. लिब्रेऑफिसचे मेनू मराठीत हवेत तर 'लिब्रेऑफिस-एल१०एन-एमआर'. छापील पानाच्या फोटोतून मजकूर उचलायचाय? 'टेसेरॅक्ट-ओसीआर-एमएआर'. आणि फॉन्टसाठी 'फॉन्ट्स-देवा'! म्हणजे एकीकडे मिस्टर, दुसरीकडे मार आणि शेवटी देवाचा धावा. आता बोला!

याला कारणं आहेत, मान्य. एमआर हा आयएसओ ६३९-१ मधला दोन अक्षरी कोड, एमएआर हा ६३९-२ मधला तीन अक्षरी. देवा हा तर भाषेचा नव्हे, देवनागरी लिपीचा कोड, आयएसओ १५९२४ मधला. मूळ सॉफ्टवेअरने जो कोड धरला तोच पॅकेज बांधणाऱ्याने पुढे ढकलला. त्याची सोय झाली. पण नाव असतं कुणासाठी हो? बांधणाऱ्यासाठी की शोधणाऱ्यासाठी?

आमच्या सोलापुरात हा घोळ चौपट होतो. इथे मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू रोजच्या कानावरच्या भाषा. कन्नडचे कोड केएन, केएएन आणि केएनडीए. तेलुगूचे टीई, टीईएल आणि टीईएलयू. एखाद्या कॉलेजच्या लॅबमध्ये वीस मशीनवर हे सगळं बसवायची स्क्रिप्ट लिहा, म्हणजे कळेल. नावांना नियमच नाही, तर लूप कसला फिरवणार? एकेक नाव हाताने शोधा. आणि मग कुणी म्हणालं की लॅबमध्ये फेडोरा आहे, तर पुन्हा पहिल्यापासून. तिथे फॉन्ट हा शब्द शेवटी: 'लोहित-मराठी-फॉन्ट्स'. ओसीआरसाठी 'टेसेरॅक्ट-लँगपॅक-एमएआर'.

याउलट एमएच-१३ बघा. या आकड्यात सोलापूर कुठेही दिसत नाही. पण लुना असो की ट्रक, सोलापूर आरटीओची पाटी १३ चीच. दुचाकीला एक कोड, रिक्षाला दुसरा असं कुणी केलं असतं तर आपण मोर्चा काढला असता. कोड समजायला सोपा नसला तरी चालतो, एकच असला म्हणजे झालं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "अरे, सर्च कर की!" केलं. रोमन लिपीत मराठी लिहून शोधलं तर वर्णनात तो शब्द असलेली पॅकेजेस येतात. वर्णनात फक्त देवनागरी म्हटलं असेल तर ते पॅकेज येत नाही. शिवाय सर्च माणूस करतो, स्क्रिप्टला नेमकं नावच लागतं.

पॅकेजला देवनागरीत नाव द्या, असं मी म्हणत नाही. डेबियनच्या नियमात नावाला इंग्रजी लहान लिपी, आकडे, अधिक, उणे आणि टिंब एवढंच चालतं. कमांड टाइप करायला ते बरंच आहे. माझं मागणं छोटं आहे. पॅकेजच्या कंट्रोल फाइलमध्ये 'प्रोव्हाइड्स' नावाची ओळ असते. तिच्यात पॅकेजला दुसरं नाव देता येतं. जुनी नावं राहू द्या, पण भाषेच्या प्रत्येक पॅकेजला या ओळीत दोन अक्षरी कोडचं एकसारखं नाव द्या. मराठी म्हणजे एमआर, कन्नड म्हणजे केएन, विषय संपला.

"आता एवढं कोण बदलणार?" हेही ऐकून झालंय. डेबियनमध्ये फॉन्टची पॅकेजेस पूर्वी 'टीटीएफ' ने सुरू व्हायची. हे फाइलच्या प्रकाराचं नाव झालं, वस्तूचं नव्हे, म्हणून २०१३ च्या व्हीझी आवृत्तीपर्यंत कितीतरी पॅकेजेसचं बारसं पुन्हा झालं आणि ती 'फॉन्ट्स' ने सुरू होऊ लागली. जुनं नाव टाकणाऱ्याला नव्याकडे नेणारी रिकामी पॅकेजेससुद्धा ठेवली. जग बुडालं नाही.

आणि मंडळी, हे कुणीतरी परदेशातून येऊन करेल म्हणून बसू नका. आपण हजारोंनी पुण्यात, बंगळुरात, हैदराबादेत कोड लिहितो. डेबियनला बग नोंदवायला एक ईमेल पुरते, 'विशलिस्ट' दर्जाची. पॅकेजच्या वर्णनांचं भाषांतर करायचीही सोय आहे, तिचं नाव डीडीटीपी. एक शनिवार द्या. मी ओसीआरच्या पॅकेजपासून सुरुवात करतोय, फॉन्ट कोण घेतंय बोला.